डाव्या तोंडावरची कणीक

मन्मथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याचीच नक्कल करत होतो. परभणीत कॉलेजच्या कँटीनमध्ये ज्युनिअर पोरं भोवती जमवून, मान वाकडी करून, डोळे अर्धे मिटून, टेबलावर बोटं आपटत मी म्हणत होतो, "ऐक की गड्या, हा माझा हात हाय!" आणि पोरं हसून हसून खोकत होती. नक्कल मला चांगली जमायची. अफरोज शेजारी फोन कानाला लावून उभा होता. त्याने हाताने 'थांब' अशी खूण केली, तेव्हा मला वाटलं त्याला हसू आवरत नाहीये. मग तो म्हणाला, "मन्या गया यार... मोटारीचा करंट लागला." मी म्हणालो, "फेकू नको." हेच माझे पहिले शब्द. टेबलाभोवतीची पोरं अजून हसतच होती, कारण हाही नकलेचाच भाग आहे असं त्यांना वाटत होतं.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायची रीत आहे. मन्मथ चांगला होता, पण ते सांगायला मी कशाला पाहिजे? मानवतजवळच्या त्याच्या गावात कुणालाही विचारा. तो डोकं उठवायचा, हेही खरं आहे. वेळेवर कधी यायचा नाही. स्वतःच्या वाजवण्याबद्दल बोलायला लागला की समोरचा उठून गेला तरी बोलत राहायचा. तो, अफरोज आणि मी, आम्ही तिघं मिळून गाणी करायचो. अफरोज गायचा आणि गिटार वाजवायचा, मन्मथ मृदंग वाजवायचा, आणि माझ्याकडे लॅपटॉप होता. ज्याच्याकडे लॅपटॉप असतो तो आपोआप साहेब होतो. मी तर जरा जास्तच झालो.

त्याचं घर शिवाची भक्ती करणारं. त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसलेल्या स्थितीत पुरतात. आम्ही गावात पोचलो तेव्हा मन्मथ ओसरीवर खुर्चीत बसलेला होता. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, बेलाच्या पानांचा हार, आणि मान पडू नये म्हणून कपाळावरून मागे बांधलेली पट्टी. कधी नव्हे तो वेळेवर तयार होऊन आमची वाट बघत बसल्यासारखा दिसत होता... भजनी मंडळ टाळ घेऊन उभं होतं, पण मृदंग नव्हता. मंडळाचा मृदंग आधी त्याचे वडील, अप्पा, वाजवायचे. बैलगाडीवरून पडून त्यांचं डावं मनगट मोडलं, ते नीट बसलंच नाही. तेव्हापासून मन्मथ वाजवत होता. आता वाजवणाराच खुर्चीत बसला होता. नुसत्या टाळांवर भजन कसंतरीच चाललं होतं, आणि ते आम्हाला ऐकवेना. अफरोजच्या पिशवीत छोटा स्पीकर होता. मित्राची शेवटची सेवा म्हणून आम्ही आमचं गाणं लावलं. ही अक्कल माझी.

गाण्यात मृदंगाचा ठेका सुरू झाला आणि अप्पांनी चमकून वर पाहिलं. ते उठून आले, खांद्यावरचं उपरणं काढून त्यांनी स्पीकरवर टाकलं आणि हळूच म्हणाले, "बंद करा. ह्याच्यात हात न्हाई." लोकांना वाटलं, म्हातारा दुःखाने बरळतोय. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून काकूंचा, मन्मथच्या आईचा, आवाज आला, "ऱ्हाऊ द्या ना वो... लेकरू वाजायलंय माझं." अप्पांनी उपरणं उचलून परत खांद्यावर टाकलं आणि बाजूला झाले. गाणं तसंच चालू राहिलं. मन्मथला खड्ड्यात बसवून वरून माती लोटेपर्यंत आम्ही ते चार वेळा वाजवलं.

अप्पा खरं बोलत होते. त्या गाण्यात मन्मथचा हात नव्हता, मी तो काढून टाकलेला होता.

माझे वडील सेलूला एका जिनिंगमध्ये फिटर आहेत. तिथल्या गोदामात रुईच्या गाठी छतापर्यंत रचलेल्या असतात. रुई आवाज गिळते, भिंतीवरून एक शब्द परत येत नाही. पैसे टाकून स्टुडिओ करणाऱ्याला मिळणार नाही अशी शांतता तिथं सुट्टीच्या दिवशी फुकट मिळायची. गाठींच्या मधल्या बोळात सतरंजी टाकून आम्ही गाणं रेकॉर्ड करायचो. मन्मथ घरून डब्यात गव्हाचं पीठ आणायचा. मृदंगाच्या डाव्या तोंडावर ओली कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे त्यातून खोल आवाज निघतो. तो पाणी घालून, मळून, बोटांनी दाबून दाबून ती बसवायचा, एक थाप मारायचा, चिमूटभर काढायचा, परत थाप. अर्धा तास यातच जायचा आणि आम्ही वैतागायचो. वाजवून झालं की कणीक लगेच खरवडून काढायची, नाहीतर ती वाळते आणि कातडं खराब होतं. ते काम त्याने मला शिकवलं होतं, चमचा उलटा धरून, कातड्याला ओरखडा न पडू देता. त्याची मी केलेली सेवा म्हणाल तर एवढीच.

ते गाणं केलं त्या दिवशी त्याचं काही जमेना. अफरोजचं गाणं सुरेख झालं, पण मृदंगाची लय पुढे पुढे पळत होती. मी त्याच्या कानात ठोक्यांची टकटक लावून दिली, तरी तो कडव्याच्या शेवटी पुढे निघून जायचा. "मन्या, गाडी पकडायचीय का?" मी म्हणालो. तो म्हणाला, "अरे भजनात लय चढवावीच लागती, न्हाईतर मान्सं झोपतेत. आन इथं मला माजाच आवाज ऐकू येईना गड्या, समदा कापसात चाललाय." सतरा वेळा वाजवलं त्याने. बोटं सुजली होती, रुईचे तंतू नाकात जाऊन शिंका येत होत्या, आणि आम्ही दोघं गाठींवर लोळून हसत होतो. आज मला कळतं, त्याचं दोन्ही बाबतीत बरोबर होतं. जी रुई अफरोजचा गळा स्वच्छ करत होती, तीच मृदंग मारत होती. ज्याला आपला आवाज ऐकू येत नाही तो जोरात वाजवतो आणि पळतो. पण तेव्हा मी साहेब होतो.

घरी येऊन मी त्याचं सगळं वाजवणं काढलं आणि कॉम्प्युटरात तयार मिळणारा मृदंगाचा ठेका त्या जागी बसवला. चहा गार व्हायच्या आत काम झालं. अफरोजला तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "किसको समझता है?" दोन दिवसांनी लॅपटॉपमध्ये जागा उरली नाही, तेव्हा मी मन्मथच्या सतराही फायली उडवल्या आणि त्या जागेवर एक सिनेमा उतरवून घेतला. सिनेमा भिकार निघाला.

मग मन्मथचं ऐकवणं सुरू झालं. पेढे वाटावेत तसं त्याने ते गाणं वाटलं. मानवतच्या बसस्टँडवर, न्हाव्याच्या खुर्चीत, आडत दुकानात कापूस घेऊन आलेल्या माणसांना, जो भेटेल त्याच्या कानात तो इयरफोनचं एक बोंडूक खुपसायचा आणि दुसरं आपल्या कानात. "दोस्तांनी मिळून केलंय. ऐक की, हा माझा हात हाय." आम्ही मागून ढोसण्या मारत हसायचो. एकदा एसटीच्या कंडक्टरने ऐकून मान डोलवली आणि म्हणाला, "ठेका लय पक्का हाय रे, घड्याळावानी." मन्मथ म्हणाला, "घड्याळच हाय काका." आम्हाला वाटलं, काय हा फुगलाय! त्या दिवशी कँटीनमध्ये यावरून आम्ही तासभर मजा केली.

कँटीनमधला आमचा खेळ ठरलेला होता. मी भोळा चेहरा करून विचारायचो, "मन्या, तुझा हात नक्की कुठून सुरू होतो रे?" तो टेबलावर ठेका धरून दाखवायचा. मी म्हणायचो, "आणि हा बारीक तुकडा? हा कसा काय काढलास?" तोही तो वाजवून दाखवायचा, मशीनच्या बरोबरीने, आणि आम्ही डोळ्यात पाणी येईस्तोवर हसायचो. एकदा हात थांबवून त्याने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "तू सांग ना कुठून सुरू होतो. जोडलंस तर तूच." मी म्हणालो, "सगळीकडे तूच आहेस रे, राजा." बाकीचे अजून मोठ्याने हसले. तोही हसला.

शेवटची भेट येलदरीला झाली. दुसऱ्या गाण्याचं चित्रीकरण करायला आम्ही धरणावर गेलो होतो. अफरोज आणि मी तळलेले मासे खात बसलो. मन्मथ मासे खात नाही, म्हणून तो पलीकडे दगडावर बसून घरचा चिवडा खात होता. मी हात धुऊन त्याच्याजवळ गेलो तेव्हा त्याने माझ्या कानात इयरफोन घातला. तेच गाणं, कितव्यांदा कोण जाणे. "ऐक," तो म्हणाला, "आन मला खरं सांग." पूर्ण गाणं संपेपर्यंत तो गाण्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "एक नंबर." तो म्हणाला, "बरं." वायर बोटांभोवती गुंडाळून त्याने खिशात ठेवली. थोड्या वेळाने म्हणाला, "नव्या गाण्यात मी नीट वाजवतो. तयारी करायलोय. लय हालली तर मला सांगायचं. तोंडावर सांगायचं, बरं का." मी 'हाव' म्हणालो आणि गाडीला किक मारली.

मातीनंतर पंधरा दिवसांनी मी एकटाच त्यांच्या घरी गेलो. अप्पा म्हणाले, चल शेतात. शेतातल्या खोलीवर, ज्याला आमच्याकडे आखाडा म्हणतात, मन्मथ शेवटी वाजवत बसला होता. अप्पांनी मला ती जागा दाखवली, मग विहीर दाखवली, मग स्टार्टरची पेटी. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती. कानात टकटक लावून तो सकाळपासून वाजवत होता. शेजारच्या शेतातून कुणीतरी हाळी दिली, लाईट आली! आमच्या भागात ही हाळी आली की माणूस ताटावरून उठतो. मन्मथ मृदंगावरून उठला. परत येऊन वाजवायचं म्हणून कणीक तशीच ठेवली, हाताची तेवढी बादलीत बुडवून धुतली आणि ओल्या हातानेच पेटीकडे पळाला.

अप्पा विहिरीच्या काठावर बसले आणि म्हणाले, "ते गानं तुमी केलं ना, त्याला पैल्याच दिशी कळलं व्हतं. मला ऐकीवलं आन म्हनला, 'अप्पा, ह्या हाताला घाम न्हाई.' म्या म्हनलं, मंग भांड की त्यांच्यासंग. तर म्हनला, 'न्हाई. ते सांगतेत का बगू.'" मग ते म्हणाले, "लय येळा ऐकीवलं त्यानं तुमाला. घरी येऊन मला सांगायचा, आज बी न्हाई सांगितलं."

मला वाटलं, आता हे म्हणतील की पोरगं तुझ्यामुळे गेलं. ते तसं काहीच म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर 'नाही हो, असं कसं' असं म्हणायची तरी सोय झाली असती. मी त्याला मारलं असं मी स्वतः म्हणणं हाही साहेबीपणाच होईल. त्याला करंटने मारलं. पण सकाळपासून तो तिथं कशासाठी वाजवत बसला होता, हे मला माहीत आहे. उठताना अप्पा एवढंच म्हणाले, "तिला सांगू नको. ती त्याच्यावरच जगायलीय."

घरी आलो तर काकू ओसरीवर मोबाईल मांडीत घेऊन बसल्या होत्या आणि आमचं गाणं चालू होतं. अप्पा चपला न काढताच मागच्या दाराला निघून गेले. काकूंनी मला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बाळा, एक काम करशील का? ह्याच्यात तुमच्या दोस्ताचा बी आवाज येतोय, त्या गिटारीचा बी. मला नुसता त्याचा हात काढून दी. तुला येतंय म्हनं ते." मी म्हणालो, "देतो काकू." काय बोललो मी! तोंड उघडलं की खोटं, अशी सवयच लागली होती.

पुढचे दोन आठवडे मी त्याचा हात शोधला. अफरोजचा फोन, माझा जुना फोन, कॉलेजच्या कार्यक्रमाचे व्हिडिओ. सगळीकडे मन्मथ अर्धा, कडेला, माणसांच्या आरोळ्यांखाली बुडालेला. लॅपटॉप दुकानात नेला. दुकानदाराने दोन दिवस ठेवून घेतला आणि म्हणाला, "नुसतं उडवलं असतं तर काढून दिलं असतं. तुम्ही त्याच्यावर दुसरं काही उतरवलंय. आता निघत नाही." अफरोज म्हणाला, दुसऱ्या कुणाकडून तरी मृदंग वाजवून घेऊ आणि देऊन टाकू, माँ को क्या समझता है? मी त्याच्या कानाखाली मारली. खरं तर मी एकदा केलेलंच तो परत करू म्हणत होता.

काही मिळालं नाही एवढं सांगायला मी परत गावी गेलो. घर उघडंच होतं. काकू पाण्याला गेल्या होत्या, अप्पा रानात. आतल्या खोलीत खुंटीला मृदंग टांगलेला दिसला, वर लाल कापड. आखाड्यावरून तो तसाच आणून टांगला असावा. कापड बाजूला केलं तर डाव्या तोंडावर कणीक वाळून दगड झालेली, कडेने तडे गेलेले. मन्मथने हे बघितलं असतं तर शिव्या घातल्या असत्या. त्याचा हात देता येत नाही, निदान त्याचं वाद्य तरी मरू देऊ नये, असं मला वाटलं. चूल जवळच होती, तिथून मी चमचा घेतला, फडकं ओलं केलं, खाली पेपर पसरला आणि त्याने शिकवलं होतं तसं, उलट्या चमच्याने, अलगद, एक ओरखडा न पडू देता ती कणीक खरवडून काढली. ओल्या फडक्याने कातडं पुसून घेतलं. आयुष्यात इतकं निगुतीने काम मी केलं नव्हतं. मन्मथ गेल्यापासून पहिल्यांदा मला जरा बरं वाटलं.

काकू दारात आल्या तेव्हा डोक्यावर कळशी होती. त्यांनी कळशी नीट खाली ठेवली. मृदंगाकडे बघितलं, पेपराकडे बघितलं. म्हणाल्या, "काऊन काढलंस रे?" मी म्हणालो, "कातडं खराब होतंय, काकू. मन्याच म्हणायचा..." त्या खाली बसल्या. "त्याची चार बोटं होती त्याच्यावर," त्या म्हणाल्या, "आन अंगठा. रोज सकाळी मी माजी बोटं ठिवत व्हते त्याच्यात." त्यांनी पेपरावरचे तुकडे पदरात घेतले, कळशीतल्या पाण्याचा हात लावला आणि ते एकमेकांना जोडून बघायला लागल्या. वाळलेली कणीक जोडत नाही, तिचा चुरा होतो. तरी त्या बराच वेळ जोडत होत्या. मी चमचा हातात धरून उभा होतो आणि तो कुठे ठेवावा हे मला कळत नव्हतं.

शेवटी त्यांनीच मला सावरलं. पदराची गाठ मारली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जाऊ दे लेकरा. तू चांगल्यासाठीच केलंस. गान्यात तर हाय की त्यो." आणि त्यांनी मोबाईल घेऊन गाणं लावलं. मशीनचा ठेका सुरू झाला. काकू मांडीवर ताल धरून मान हलवत होत्या. अप्पा रानातून येऊन दारात उभे होते. त्यांनी कोरा मृदंग पाहिला, मला पाहिलं, आणि गाणं संपेपर्यंत उन्हातच उभे राहिले.

रस्त्यापर्यंत ते मला पोचवायला आले. एसटी दिसायला लागली तेव्हा म्हणाले, "दिवसातून धा डाव ते मशीन माझ्या लेकाच्या नावानं वाजायलंय. मला आता सोसंना. म्या सांगितलं तर ती मला खोटं पाडील. तूच सांग." मी म्हणालो, "अप्पा, माझ्या तोंडातून निघणार नाही." ते म्हणाले, "मंग लिव. पेपरात लिव. म्या वाचून दाखवतो तिला."

म्हणून हे लिहिलंय. पुरवणी गावात दुपारच्या गाडीने येते. अप्पा चष्मा लावून ओसरीवर बसतील, आत खुंटीला तो मृदंग असेल, दोन्ही तोंडं स्वच्छ. मन्या, तुला हे माझ्या तोंडून ऐकायचं होतं. तू कितीदा कानात घालून विचारलंस, आणि मी सांगतोय ते असं, तू नसताना, पेपरातून.

काकू, गाण्यात तो नाही. कणकेत होता.